सही करणारा अधिकारी कोण होता?

मी वकील. माझं काम सर्व्हिस मॅटर्सचं, म्हणजे सरकारी नोकरांच्या केसेस, मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, औरंगाबाद बेंचला. येणाऱ्या माणसाला आधी स्वतःवर काय अन्याय झाला ते सगळं सांगायचं असतं, आणि मला आधी बघायचं असतं त्याचं सेवापुस्तक. सेवापुस्तकाचं पहिलं पान लोकांना वाटतं जन्मतारीख, जात, उंची, ओळखीची खूण यासाठी असतं, पण पहिल्या नेमणुकीची नोंद, कोणाच्या आदेशाने, आदेश क्रमांक, तारीख, ही एक ओळ मी सगळ्यात आधी वाचते. त्या ओळीवर केस उभी राहिलेली मी पाहिली आहे, आणि त्याच केसबद्दल लिहितेय कारण ती जिंकूनही माझ्या डोक्यातून जात नाहीये.

माझे अशील, मी त्यांना काका म्हणते, एका सरकारी खात्यात वाहनचालक. नाव, खातं, जिल्हा काही लिहीत नाही. १९९३ ला लागले, विभागीय सहसंचालकांच्या सहीच्या आदेशाने. नंतर अधिकार प्रदान झाले, म्हणजे गट क आणि ड च्या नेमणुकांचे अधिकार खाली जिल्हा अधिकाऱ्याला दिले गेले, बऱ्याच खात्यांत असं झालंय. २०२१ मध्ये काकांना बडतर्फ केलं, आणि त्या आदेशावर सही जिल्हा अधिकाऱ्याची, "नियुक्ती प्राधिकारी या नात्याने".

आरोप डिझेलचा. लॉगबुकात जास्त किलोमीटर दाखवून डिझेलचा अपहार. आता लॉगबुक काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगते. सरकारी गाडीचं प्रत्येक फेरीचं, कुठून कुठे, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, प्रयोजन, आणि शेवटच्या रकान्यात गाडी वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही. चालकाने लिहायचं, साहेबाने तपासून सही करायची. प्रत्यक्षात साहेब महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने सह्या करतात आणि पुढे प्रकरण उभं राहिलं की सही करणारा साहेब साक्षीदारसुद्धा नसतो, आरोपी फक्त चालक. या केसमध्ये तेच. दोषारोपपत्राची जोडपत्रं एक ते चार मी कितीतरी वेळा वाचली, साक्षीदारांच्या यादीत त्या अधिकाऱ्याचं नाव कुठेच नाही. आणि गाडीचं मीटर कित्येक महिने बंद होतं! काकांनी दुरुस्तीसाठी दोन पत्रं दिलेली, आवक शिक्क्यासकट, झेरॉक्स त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. मीटर बंद म्हणजे रीडिंग अंदाजाने, मागच्या अंतरांवरून. चौकशी अधिकाऱ्याने ही दोन्ही पत्रं अहवालात एका वाक्यात उडवली, "सदर बाब अपचाऱ्याच्या बचावासाठी पुरेशी नाही" (अपचारी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो). का नाही, ते लिहिलेलं नाही. चौकशी अहवाल असे लिहिले जातात हे मला अजूनही सहन होत नाही, एखाद्याची जवळजवळ तीस वर्षांची नोकरी जातेय आणि कारण द्यायला दोन ओळी खर्च करायच्या नाहीत.

काका माझ्यासमोर बसून एकच सांगत होते, "मॅडम, म्या एक लिटर डिझेल बी घरी नेलं न्हाई, तेवढं कोर्टाकडून लिहून आणा."

मी सेवापुस्तकाचं पहिलं पान उघडलं, १९९३ ची ओळ वाचली, बडतर्फीच्या आदेशाखालची सही बघितली, आणि मला केस दिसली. पण ती काकांची केस नव्हती.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३११, खंड एक. ज्याने नेमलं त्याला सबऑर्डिनेट असलेल्या अधिकाऱ्याने सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही की काढून टाकता येत नाही. खंड दोनला, म्हणजे चौकशी करून संधी देण्याच्या नियमाला, अपवाद आहेत. खंड एकला एकही नाही. हे संरक्षण घटनेच्या आधीपासून चालत आलंय, १९१९ च्या कायद्याच्या कलम ९६ ब मध्ये होतं, १९३५ च्या कायद्यात कलम २४० मध्ये होतं, आणि १९३० च्या दशकात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, मद्रासकडच्या रंगाचारी नावाच्या पोलीस सब-इन्स्पेक्टरच्या प्रकरणात सांगितलं की नेमणाऱ्यापेक्षा खालच्या पदाच्या अधिकाऱ्याने केलेली बडतर्फी निष्प्रभ आहे. साहेबाच्या राज्यात एका सब-इन्स्पेक्टरसाठी लंडनमध्ये हे ठरलं, आणि आपल्याकडच्या आस्थापना शाखांमध्ये आजही आदेश टाइप करताना पहिली नेमणूक कोणी केली हे उघडून बघत नाहीत. सेवापुस्तक त्यांच्याच कपाटात असतं.

(महामंडळांतले, एसटीतले लोकही हाच मुद्दा घेऊन येतात आणि त्यांना मला नाही म्हणावं लागतं, ३११ फक्त शासनाच्या नागरी सेवांना, महामंडळाच्या नोकराला त्याच्या स्वतःच्या विनियमांवर लढावं लागतं.)

सगळा झगडा झाला सबऑर्डिनेट या शब्दावर. ऑफिसात हा शब्द आपण रोज वापरतो, माझे सबऑर्डिनेट, सबऑर्डिनेट स्टाफ, आणि त्यात दोन गोष्टी एकत्र असतात. एक, कोण कोणाचा हुकूम पाळतो, कोणाचा गोपनीय अहवाल कोण लिहितो, म्हणजे हाताखालचा. दुसरी, कोण कोणापेक्षा खालच्या पायरीवर आहे, म्हणजे दुय्यम. बहुतेक वेळा दोन्ही एकाच माणसाला लागू पडतात म्हणून फरक जाणवत नाही. पण एका खात्याच्या सहसंचालकापेक्षा दुसऱ्या खात्याचा तालुक्याचा अधिकारी पायरीने खालीच असतो, तरी तो त्याच्या हाताखाली नसतो. ३११ मध्ये कुठला अर्थ? कोर्टांनी हे फार पूर्वी ठरवलंय, इथे बघायचा तो दर्जा, कामकाजाचं नियंत्रण नाही.

विभागाचं शपथपत्र आलं त्यात तीन मुद्दे. पहिला, बडतर्फीच्या दिवशी नेमणुकीचे अधिकार जिल्हा अधिकाऱ्याकडेच होते. दुसरा, मधल्या काळात खात्याची पुनर्रचना झाल्याने जिल्हा अधिकारी थेट पुण्याच्या संचालनालयाला रिपोर्ट करतात, सबब ते सहसंचालकांचे "अधिनस्त नाहीत". तिसरा, काकांचं विभागीय अपील खुद्द सहसंचालकांनीच फेटाळलं आहे, म्हणजे नेमणाऱ्या अधिकाऱ्याचीच मान्यता मिळाली, दोष असलाच तर दूर झाला.

पहिल्याला उत्तर सोपं, १९७९ चा सुप्रीम कोर्टाचा कृष्णकुमार निकाल. मध्य रेल्वेचं प्रकरण आहे, ट्रेन लायटिंग इन्स्पेक्टर, नेमणूक चीफ इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या आदेशाने, काढलं डिव्हिजनल असिस्टंट इलेक्ट्रिकल इंजिनिअरने. नंतर खालच्या अधिकाऱ्याला नेमणुकीचे अधिकार दिले गेले तरी त्याने फरक पडत नाही, दर्जा बघायचा तो नेमणूक झाली त्या वेळच्या परिस्थितीवरून, असं त्यात स्वच्छ आहे. आमच्या केसला अगदी चिकटून बसणारा निकाल.

दुसऱ्या मुद्द्यावर मी मेहनत घेतली आणि त्याचा मला अभिमान आहे. दर्जा खालचा आहे हे नुसतं म्हणून भागत नाही, पदनामावरून तर अजिबात कळत नाही, महाराष्ट्र शासनात सहसंचालक म्हणजे एका खात्यात खूप मोठा माणूस आणि दुसऱ्या खात्यात मधला. म्हणून मी त्या खात्याचे सेवाप्रवेश नियम काढले, राजपत्रात छापलेले. त्यात सहसंचालक पदाच्या पदोन्नतीची साखळी दिली आहे आणि जिल्हा अधिकाऱ्याचं पद त्या साखळीत दोन पायऱ्या खाली. वेतनश्रेणीही लावल्या, १९९३ ला ज्या होत्या त्या, आत्ताच्या नाहीत. हे सगळं एका पानावर तक्ता करून दिलं, कारण मेंबरसमोर, म्हणजे मॅटमध्ये निकाल देणाऱ्यासमोर, रोज केवढी पेपरबुकं येतात, त्यांना शोधायला लावायचं नाही.

तिसरा मुद्दा खरा अवघड होता. त्याची तयारी करताना रात्री शपथपत्र परत वाचत होते तेव्हा दुसरा आणि तिसरा परिच्छेद एकामागोमाग वाचले गेले आणि मी उठून उभी राहिले.

सुनावणीला पीओंनी, म्हणजे सरकारची बाजू मांडणाऱ्या प्रेझेंटिंग ऑफिसरनी, तिन्ही मुद्दे त्याच क्रमाने मांडले. माणूस चांगला आहे, अभ्यासू आहे, पण विभागाने दिलेलं शपथपत्र वाचून दाखवणं एवढंच त्यांच्या हातात असतं आणि विभागाचा अधिकारी फाईल घेऊन बऱ्याचदा सुनावणीच्या दिवशीच उगवतो. माझी वेळ आली तेव्हा मी दोन परिच्छेद वाचून दाखवले, बाकी काही बोलले नाही. एकात जिल्हा अधिकारी सहसंचालकांचे अधिनस्त नाहीत. पुढच्यात त्यांच्या आदेशावरचं अपील सहसंचालकांनी वरिष्ठ म्हणून ऐकलं.

मेंबरनी पीओंना विचारलं, "ते दुय्यम नसतील तर अपील यांच्याकडे कसं गेलं?"

पीओंनी मागे बसलेल्या विभागाच्या अधिकाऱ्याकडे बघितलं, त्याने फाईल चाळायला घेतली, आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग अपिलाने दोष दूर होतो का यावर अर्धा तास झाला. माझं म्हणणं असं की नेमणाऱ्याने फाईल पहिल्यांदा, मोकळ्या मनाने स्वतः बघायची, हे घटनेने दिलेलं संरक्षण आहे, खालच्याने घेतलेला निर्णय वरच्याने कायम करणं म्हणजे ते नाही. मुळात अधिकारच नसलेला आदेश अपिलात कायम केला म्हणून जिवंत होत नाही. आणि सहसंचालकांचा अपिलाचा आदेश तरी काय होता, "अपिलात तथ्य आढळून येत नाही". एवढंच!

एक बाजूची गोष्ट सांगते कारण त्या दिवशी कोर्टाबाहेर आम्ही यावरच बोलत होतो. हाच शब्द न्यायाधीशांनाही चिकटलेला आहे. घटनेतल्या प्रकरणाचं नावच सबऑर्डिनेट कोर्ट्स, अनुच्छेद २३३ ते २३७. न्यायमूर्ती रानडे १८७१ ला पुण्यात आले ते फर्स्ट क्लास सबऑर्डिनेट जज म्हणून, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात ते पदनामच होतं. आता आपण सिव्हिल जज सीनियर डिव्हिजन म्हणतो. २०२४ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सुप्रीम कोर्टाच्या रजिस्ट्रीला सांगितलं की ट्रायल कोर्टांना लोअर कोर्ट म्हणणं बंद करा. मला ते फार योग्य वाटलं. जिथे पुरावा येतो, साक्षीदार उभा राहतो, त्या कोर्टाला खालचं का म्हणायचं? अपील वर जातं म्हणून दर्जा खाली होत नाही. पण ३११ मध्ये मात्र मला तोच खालचा दर्जा सिद्ध करायचा होता, पायऱ्या मोजून, आणि काकांची नोकरी त्यावर होती.

निकाल आमच्या बाजूने लागला. बडतर्फीचा आदेश रद्द, कारण तो नेमणाऱ्यापेक्षा दुय्यम अधिकाऱ्याने काढला. सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे सहसंचालकांना, नियमानुसार नव्याने निर्णय घेण्याची मुभा. डिझेल, लॉगबुक, मीटर, त्या दोन पत्रांबद्दल एक अक्षर नाही, "गुणवत्तेवर आम्ही कोणतेही मत व्यक्त करीत नाही". कायद्याने ते बरोबरच आहे. आदेशच नाही म्हटल्यावर त्याच्या आत कशाला जायचं, आणि चौकशी खालच्या अधिकाऱ्याने सुरू केली तरी चालते हे सुप्रीम कोर्टाने फार पूर्वीच सांगितलंय, त्यामुळे चौकशी अहवाल तसाच उभा, फक्त शेवटची सही गेली.

फोनवर मी काकांना सांगितलं, आपण जिंकलो. त्यांनी विचारलं, "म्या चोर न्हाई असं लिव्हलं का?"

नाही लिहिलं, काका.

आणि पुढचं लोकांना माहीत नसतं. तांत्रिक कारणाने बडतर्फी रद्द झाली आणि विभागाने चौकशी पुढे चालवायचं ठरवलं की मूळ बडतर्फीच्या तारखेपासून मानीव निलंबन, म्हणजे माणूस त्या दिवसापासून निलंबितच होता असं धरायचं. म्हणजे काका जिंकल्यावर गाडीवर परत गेलेच नाहीत, निर्वाह भत्त्यावर गेले. मग ५८ पूर्ण झाली आणि निलंबनातच निवृत्त. आता तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू आहे, ग्रॅच्युइटी अडकलेली, आणि १९८२ च्या पेन्शन नियमांतल्या नियम २७ खाली चौकशी चालूच राहू शकते. बडतर्फ करता येणार नाही आता, पेन्शन कापता येईल.

माझ्या सीनियरांचं म्हणणं, गप्प बसा, विभाग फाईल विसरेल, हळूहळू ग्रॅच्युइटी सोडवून घेऊ. व्यवहाराने ते बरोबर असेल. पण मी विचार करतेय तो वेगळा. हा मुद्दा मी मांडला नसता आणि मीटरवर, त्या अधिकाऱ्याच्या सह्यांवर लढले असते तर? हरण्याची शक्यता जास्त होती, चौकशीतल्या पुराव्याचं मोजमाप मॅट सहसा परत करत नाही, नियमभंग झाला का एवढंच बघते. जो मुद्दा नक्की जिंकतो तो सोडून अशीलाच्या मनातल्या मुद्द्यावर जाणं वकिलाला परवडत नाही. तरीही काकांना जे हवं होतं ते मागितलंच गेलं नाही असं होऊ नये म्हणून अर्जात मी तोही मुद्दा घेतला होता, फक्त त्याच्यापर्यंत जायची वेळच आली नाही.

काका मागच्या महिन्यात मुलाला घेऊन आले. गप्प बसायला तयार नाहीत. म्हणाले सहसंचालकांनी फाईल बघावी, ज्यांच्या कचेरीने मला लावलं त्यांनीच सांगावं. मी त्यांना धोका नीट समजावला, पेन्शन कापली जाऊ शकते हे मुलालाही सांगितलं, मुलगा घाबरला, काका नाही. मग बसून अर्ज लिहिला. सक्षम प्राधिकारी म्हणून आपण स्वतः निर्णय घ्यावा, मीटर दुरुस्तीच्या दोन्ही पत्रांवर निष्कर्ष द्यावा, आणि लॉगबुकावर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष घ्यावी. तिन्ही मागण्या वेगवेगळ्या क्रमांकाने, म्हणजे एका ओळीत उडवता येणार नाहीत. दोन्ही पत्रं सोबत जोडली. काकांनी अर्ज स्वतः जाऊन आवकला दिला आणि पोच माझ्याकडे आणून दिली. अजून उत्तर नाही. महिन्याभरात आलं नाही तर चौकशी ठराविक मुदतीत संपवा म्हणून परत मॅटमध्ये जाणार आहोत, ड्राफ्ट तयार आहे.