हिरड्यांसाठी लेझर आणि लाईट थेरपी घेतली, माझा अनुभव

ब्रश करताना रक्त यायचंच, पण मागच्या दाढेजवळ हिरडी दाबली की पू दिसायला लागला तेव्हा डेंटिस्टने हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं. लेझरबद्दल ऐकलं होतं, कापाकापी नको म्हणून तेच करा असं मी पहिल्यांदाच सांगून टाकलं.

मॅडमनी आधी मोजमाप घेतलं. खुणा असलेली बारीक प्रोब प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीखाली घालून आकडे बोलत होत्या आणि असिस्टंट लिहून घेत होती, दोन, तीन, तीन आणि त्या दाढेपाशी एकदम सहा. ३ मिमीपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त आणि रक्त येत असेल तर पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल खाच, तिथे ब्रश पोचतच नाही. मग त्यांनी सरळ सांगितलं की डायोड लेझरने मुळाला चिकटलेलं कडक कीटण निघत नाही, ते खरवडूनच काढावं लागतं, लेझर आणि लाईट त्याच्यानंतर जोडीला. आणि २०२० च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये तर ही जोड देऊ नका असंच सुचवलंय, कारण जास्तीचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही. हे स्वतःहून सांगितलं म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तर आधी इंजेक्शन देऊन डीप क्लिनिंग, मोठं काम तेच, अल्ट्रासॉनिकची घरघर आणि मग हाताच्या हत्याराने मुळं खरवडल्याचा आवाज थेट कानात येतो, दुखत नाही पण जबडा अवघडतो. नंतर फक्त सहाच्या पॉकेटमध्ये निळा डाय सोडला, थोडं थांबून जास्तीचा धुतला आणि सगळ्यांनी गॉगल लावल्यावर बारीक टोकातून लाल लाईट दिला. हा डाय जंतूंना चिकटतो, त्यावर ठराविक रंगाचा प्रकाश पडला की ऑक्सिजनचं एक जहाल रूप तयार होतं आणि त्याने जंतू मरतात. मला काहीच जाणवलं नाही. त्याच दाढेच्या मागच्या बाजूला डायोड लेझरची केसासारखी फायबर फिरवली तेव्हा मात्र किंचित जळका वास आला.

पुढचे काही दिवस गार पाणी झिणझिणायचं. सूज उतरली तशी दातांमधल्या फटी दिसायला लागल्या, मी घाबरलेच, पण सुजलेली हिरडी बसली की असं होतंच म्हणे. त्या फटींसाठी इंटरडेंटल ब्रश दिला, तो रोज रात्री.

तीन महिन्यांनी परत मोजलं, सहाचे चार झाले, पू नाही, रक्त नाही. पण दुसऱ्या बाजूला जिथे नुसतंच खरवडलं होतं तिथेही पाचाचे तीन झालेत, त्यामुळे लेझरमुळेच बरं झालं असं मी कोणाला सांगणार नाही. तुम्हाला कोणी सुचवलं तर खरवडणं त्यात धरलंय का ते आधी विचारा, आणि नंतर परत मोजणार असतील तर आधीच्या चार्टची कॉपी मागून ठेवा. त्या दाढेपाशी खोली अजून चार आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी क्लिनिंगला बोलावलंय.