आमची वाटचाल : एक प्रोब आणि किडनीची मापं

सुरुवात केली तेव्हा एक सेकंड हँड सोनोग्राफी मशीन आणि एकच कॉन्व्हेक्स प्रोब (पोटावर फिरवायचा बाकदार भाग), ३.५ मेगाहर्ट्झचा. त्यातले ध्वनिलहरी सोडणारे चार-पाच क्रिस्टल गेलेले, स्क्रीनवर उभा काळा पट्टा यायचा आणि तो किडनीच्या खालच्या टोकावर आला की माप चुकायचं, मग पेशंटला कुशीवर वळव, श्वास रोखायला लाव, असं करत लांबी तीनतीनदा घ्यायचो. ती सवय नवं मशीन आलं तरी सुटली नाही.

पुढची काही वर्षं ठीक गेली. मग समोरच मोठं सेंटर उघडलं, सीटी, एमआरआय, सगळं एका छताखाली, रिपोर्ट दहा मिनिटांत. आमचे रेफर करणारे डॉक्टर एकेक करून तिकडे वळले. वर "ते एका किडनीला अर्धा तास लावतात" असं पसरवलं, ते अजून मनाला लागतं. दिवसाला दोन पेशंट, मशीनचे दोन हप्ते थकले, शटर ओढायचं जवळजवळ ठरलंच होतं.

त्या दिवसांत फक्त एक नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ) मॅडम पेशंट पाठवत राहिल्या. त्यातले एक काका आठवतात, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) सहाच्या वर, हातात समोरच्या सेंटरचा रिपोर्ट, 'दोन्ही किडन्या इकोजेनिक, सीकेडी', म्हणजे सोनोग्राफीत पांढरट दिसणाऱ्या, किडनीचा जुनाट आजार, घरचे डायलिसिसच्या तयारीत. प्रोब ठेवला तर लांबी १०.८ आणि ११ सेंमी, कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) चांगला जाड आणि दोन्हीकडे हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे लघवी तुंबून फुगलेली किडनी! लघवी करून या म्हटलं, परत बघितलं तर ब्लॅडर (मूत्राशय) तसंच तुडुंब. प्रोस्टेटचा अडथळा. कॅथेटर टाकला आणि महिन्याभरात क्रिएटिनिन दीडवर आलं. मॅडमनी ते दोन्ही रिपोर्ट इतर डॉक्टरांना शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तिथून पेशंट परत यायला लागले.

जुनाट आजारात किडनी बहुतेक वेळा आक्रसते, आठ-साडेआठ सेंमीवर येते, कॉर्टेक्स पातळ होतो, कॉर्टेक्स आणि मेड्युलातली (आतल्या थरातली) सीमा पुसट होते. पण नवीन मुलांना एक सांगतो, गेन (मशीनवरचा चित्राचा उजळपणा) वाढवला की कुठलीही किडनी पांढरीच दिसते. लिव्हरशी तुलना करताना आधी फॅटी लिव्हर आहे का बघा, ते स्वतःच पांढरं दिसतं, नाहीतर खराब कॉर्टेक्सही बरा वाटेल. आणि शुगरवाल्यांची किडनी मापात नॉर्मल, कधी मोठीसुद्धा असते आणि आजार आत बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासायचं टाळू नका. पेशंटनी जुने रिपोर्ट फेकू नयेत, सीकेडी म्हणायला बिघाड तीन महिन्यांच्या वर टिकलेला लागतो आणि मागची मापं हातात असली की आमचं अर्धं काम होतं.

आता मशीनं तीन आहेत. मॅडमची चिठ्ठी मात्र अजून तशीच येते, 'लांबी, कॉर्टेक्स, लघवीनंतर परत', खाली सही.