तात्यांचं सोयाबीन आणि पोराच्या कोंबड्या

सप्टेंबर २०२१, पितृपंधरवडा. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर आमच्या शेठचं सोयाबीन खरेदीचं दुकान आहे, तिथं मी दिवाणजी. जुलैच्या पुरात पंचगंगेकाठची शेतं गेली होती, माळावरचं पीक तेवढं राहिलेलं. तात्यांनी त्यातलीच २२ पोती ट्रॉलीत घालून आणली. ट्रॅक्टर पोरानं चालवला.

मी पोत्याच्या पोटातून मूठभर दाणे काढून मशीनला लावले. हवा, म्हणजे दाण्यातली ओल, १८ टक्के. तात्यांनी एक दाणा दाताखाली धरला, म्हणाले, "वाळल्यालं हाय की." दाणा वाळलेला असला की कट् वाजतो. हा वाजला नाही, दबला. ते त्यांनाही कळलं.

"भाव काय?"

सकाळी फळ्यावर क्विंटलला ५,८०० लिहिलं होतं. अकराला प्लांटचा, म्हणजे तेल काढणाऱ्या कारखान्याचा, फोन आला, मी ते पुसून ५,६०० केलं. तो १२ हवेचा भाव. वरच्या ६ टक्क्यांची घट धरून हातात ५,२६४.

तात्या खालीच बसले. "ऑगस्टात धा हजार हुता की ओ!"

होता. त्यांना लुटलं म्हणावं, तर ३,९५० च्या हमीभावापेक्षा हा भाव वरच होता. पण डोक्यात दहा हजार बसलेल्या माणसाला हमीभाव सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. मी चहा सांगितला.

क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड, ती जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपण तेलबी म्हणतो, पण हे पीक निम्म्याहून जास्त कोंबड्यांचं. चीनमध्ये साथीत डुकरं मेली होती, ती पुन्हा वाढवायला घेतली तेव्हा त्यांच्या खाद्यापायी जगभर पेंड महागली. आपल्याकडे ती किलोला ९० च्या पुढं गेली, पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टअखेर सरकारनं १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. जहाजं यायच्या आधीच व्यापाऱ्यांनी हात आखडले. त्यात नवा माल तोंडावर. फळ्यावर खडू मी फिरवतो, एवढंच.

हे मी तात्यांना समजावत होतो, तेवढ्यात पोरगं मध्येच म्हणालं, "दिवाणजी, पेंड कितीवर आलीया आता?"

त्याचं माळावर अंड्याच्या कोंबड्यांचं शेड. कंपनीच्या करारावरचं नव्हे, खाद्य स्वतःच्या पैशाचं. श्रावणात अंड्याला उठाव नाही आणि पेंडीचं बिल मात्र दर आठवड्याला. त्याचा जीव महिनाभर टांगणीला लागलेला. पेंड उतरली ऐकून त्याचा चेहरा खुलला, आणि तो तात्यांनी बघितला.

"म्हंजे बा बुडाला म्हणून तुझं साजरं व्हय?"

"तसं न्हाई ओ तात्या..."

"आन् मग हेच भरडून घाल की तुझ्या कोंबड्यांस्नी! प्लांटवाल्याला कशाला देतुयास?"

पोरानं माझ्याकडं बघितलं. कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही, ते तापवूनच द्यावं लागतं. नाहीतर अंडी घटतात. हे बापाला सांगायची ती वेळ नव्हती. मीही गप्प राहिलो. हमालांनी मात्र पोती उतरवायची थांबवून तमाशा बघून घेतला.

शेवटी १२ पोती काट्यावर चढली. "उरल्याली घरात वाळवतो, दिवाळी झाल्यावर बघू," म्हणून तात्यांनी १० परत नेली. निघताना पोरानं इंजिनाच्या आवाजात मला हळूच विचारलं, "पेंड अजून उतरंल न्हवं?" मागून ट्रॉलीतनं तात्या ओरडले, "दिवाळीला चढंल न्हवं?" मी दोघांनाही हात हलवला.

नोव्हेंबरात तात्या ती १० पोती घेऊन आले. हवा ११. भाव साडेसहा हजारांच्या घरात. ट्रॅक्टर या खेपेला भाड्याचा होता.