पाचटात उठून दिसेल असा रंग

संक्रांत जवळ आली की आमच्या दुकानाची दर्शनी बाजू काळी होते. बोरन्हाणाची काळी झबली, त्यांवर पांढऱ्या धाग्याने काढलेले पतंग, काळे कुर्ते, मुलींसाठी काळं परकर-पोलकं आणि खालच्या काचेत हलव्याचे दागिने. रथसप्तमीपर्यंत हाच धंदा. जयसिंगपुरात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान चालवायचं तर जानेवारीत काळं, जूनमध्ये गणवेश आणि दिवाळीला मिळेल ते, एवढं गणित पक्कं असावं लागतं. सासऱ्यांनी गल्ल्यावर बसवलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच शिकवलं.

त्या दिवशी बाजार होता. दुपारी एक बाई आली. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ, बोटाला तीनेक वर्षांचा मुलगा. नवरा पिशव्या सांभाळत पायरीवरच थांबला. गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या मळ्यांत ऊसतोडीसाठी बीडकडच्या टोळ्या उतरतात, त्या पार मार्च-एप्रिलपर्यंत असतात. मुकादमाने खर्ची दिली की ही माणसं बाजाराला येतात. तेलमीठ आधी, कपड्यांचं दुकान सगळ्यात शेवटी. हिचं गाव धारूरकडचं होतं.

काचेकडे बघून ती म्हणाली, "सगळं काळंच का वो ताई?"

बोरन्हाणाचं आहे म्हटलं.

"त्ये ठावं हाये. मला रोजची पायजेत. दोन्ही पोरंच हायेत. लांबून दिसंल असं दावा."

लांबून दिसेल असं म्हणजे भडक, असा मी अर्थ घेतला आणि मुलांच्या बाजूच्या फळीकडे वळले. आता ती फळी कशी असते ते सांगते. मुलांच्या बाबासूटचा बॉक्स येतो तो साइजचा आणि रंगांचा सेट ठरवूनच येतो. कलकत्त्याचा माल असो, इंदूरचा असो, नाहीतर तिरुप्पूरची होजिअरी असो, रंग तेच: नेव्ही, ग्रे, मरून, कॉफी, मेहंदी. प्रिंट म्हणजे गाडी, डायनासोर, बॅट-बॉल. दुकानदाराला त्यातलं निवडता येत नाही. आणि खरं सांगायचं तर निवडता आलं असतं तरी आम्ही हेच घेतलं असतं, कारण मुलाच्या आईला मळखाऊ रंग हवा असतो. मुलीला घेताना तीच बाई पीच, लेमन, फिरोजी, राणी असं अर्धा तास चाळत बसते. मुलगा दोन वर्षांचा झाला की त्याचा रंग संपला, मग थेट लग्नातल्या फेट्याला. त्याआधी बारशाला खणाची कुंची तेवढी मिळते.

मी एकेक काढत गेले, ती बाजूला सारत गेली. नेव्ही नको, मेहंदी नको. मग मी त्या महिन्यात सगळ्यात जास्त खपणारा माल काढला, मिलिटरी प्रिंटचा सेट. आमच्या भागात घराघरांत फौजी, त्यात २६ जानेवारी तोंडावर. तिने तो हातात धरला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "ही तर पोरगं लपवायची कापडं."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मागच्या हंगामात दुसऱ्या टोळीतलं एक लेकरू पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांवर, निजलं होतं आणि ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना ते कुणाला दिसलं नाही, एवढंच तिने सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

मग मी खाली बसले आणि तिच्याकडूनच समजून घेतलं. लेमन पिवळा काढला होता, मला वाटलं याहून ठळक काय असणार. "पिवळं नगं. पाचट पिवळंच असतंय, त्यात मिसळून जातंय." पोपटी तर नकोच, उभा ऊस हिरवा. पांढरा? "दोन दिसांत पाचटाचा रंग येतोय त्येला." लाल तिला आवडला, पण तिची खोच होती: दिवसा चांगला दिसतो, दिवस मावळला की काळा पडतो. हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण ते खरं आहे. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग सगळ्यांत आधी काळपट दिसू लागतो आणि निळा त्या मानाने टिकतो. टोळी भल्या पहाटे फडात उतरते, थंडीत नदीकाठाला धुकं असतं आणि ट्रॉली भरायचं काम कधी कधी रात्रीवर जातं. म्हणजे धोका जास्त तेव्हाच उजेड कमी.

उरले तीन रंग. नारिंगी, झगझगीत निळा आणि राणी. त्यातल्या त्यात राणी, कारण ऊसाच्या फडात राणी रंगाचं काहीच नसतं. आणि राणी होता मुलींच्या फळीवर.

नवरा एवढा वेळ गप्प होता. राणी रंगाचा टॉप खाली आला तसा तो पायरीवरून म्हणाला, "पोराला आसलं घालत्येत का?"

तिने मागे वळूनही बघितलं नाही. "गाडीवाल्याला लेकरू दिसू दे. पोरगा का पोरगी ते मी बघते."

पण मुलींचा माल तिच्या कामाचा नव्हता. अर्ध्या बाह्या, झालर, टिकल्या. उसाचं पान कडेने कापतं, वर बारीक कूस असते, अंगावर पुरळ उठतो. लांब बाह्या आणि लांब विजार पाहिजे. एक सॅटिनचा चमकता शर्ट मोठ्याला आवडला होता, तो मात्र मीच मागे ठेवला. खोपीत चूल जमिनीवर, पोरं तिच्याभोवती. नायलॉन-पॉलिएस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सुतीच घ्यायचं, हे तिला एकदाच सांगावं लागलं.

तयार माल नाही म्हणजे कापड. आमच्या शेजारी मॅचिंग सेंटर आहे. साडीखालच्या परकराचं सुती पॉपलीन तिथे शंभर छटांत मिळतं, आणि ते इथून जवळच्या इचलकरंजीच्या मागांवरचं असतं. राणी आणि नारिंगी असे तुकडे आणले. समोरच्या टेलरमामांनी आधी कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासला. नारिंगी ठीक, पहिल्या राणीने चिंधी गुलाबी केली. बाळ झबल्याची कड चोखणार, रंग जाणारं कापड घालून कसं चालेल? दुसरा तुकडा आणला, तो टिकला.

मामांकडे बोरन्हाणाचे कपडे साचले होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, ट्रॅक्टर किती वाजता परत जाणार ते विचारलं आणि पुढचं झबलं बाजूला सारून कात्री उचलली. बाळाच्या झबल्याला गळ्याशी बंद नकोत, असं त्यांनीच ठरवलं. झोळीत एकटं झोपणारं मूल, बंद कशात अडकला तर कोण बघणार. शिवलेली बटणंही नकोत, निघाली तर तोंडात जातात. खांद्यावर टिच बटणं लावली, आणि ओव्हरलॉकची कड बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतली. उलटं दिसतं, पण त्या कडेला त्यांनी नारिंगी पट्टी बसवली आणि तेच डिझाइन झालं.

मोठ्याचा शर्ट नारिंगी, खिसा आणि कॉलर राणी. एवढं झाल्यावर आईचं म्हणणं आलं: जरा देखणं करा. मला बरं वाटलं. तोवर आम्ही सगळे असे बोलत होतो की जणू रस्त्यावरचा फलक रंगवतोय. मुलाला विचारलं काय काढायचं छातीवर. म्हणाला, ट्रॅक्टर.

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "लावा. त्येला लई आवडतंय."

ट्रॅक्टरच्या प्रिंटचा एक डिफेक्टिव्ह टी-शर्ट परत पाठवायला काढून ठेवला होता. मामांनी त्यातला ट्रॅक्टर कापून छातीवर टाचला.

रात्रीचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. ट्रॉलीला मागे लावतात ती लाल-पांढरी चमकती पट्टी आमच्या दुकानातल्या पोराला सुचली. ती चिकटवायची असते, कापडावर धरत नाही आणि धुण्यात टिकत नाही. पण रस्त्यावर काम करणारे जे जाकीट घालतात त्याची करडी पट्टी कापडी असते. हार्डवेअरच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त जाकीट आणलं आणि पट्ट्या उसवल्या. शर्टाच्या पाठीवर दोन, बाह्यांना एकेक. बाळाच्या झबल्याला लावली नाही, खरखरीत असते. ती त्याच्या झोळीच्या कापडाला दोन्ही बाजूंनी लावून दिली, त्यासाठी नवऱ्याने पिशवीतून झोळीच काढून दिली. ट्रायल रूमचा दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च मारला तर पाठ लखकन उजळली. मुलगा परत परत आत जाऊन "पुन्यांदा" म्हणत होता, आणि बाहेर बोरन्हाणाची गिऱ्हाइकं खोळंबली होती.

पैशांचं बोलणं सरळ झालं. कापड खरेदीच्या भावाने, टेलरमामांनी शिलाई पूर्ण घेतली आणि बरोबर केलं. जाकिटाचे पैसे मी सोडायला निघाले तर ती म्हणाली, फुकटचं नको, कमी करायचं तर शिलाईत करा. मामा तयार नव्हते. शेवटी जाकिटाचे अर्धे तिने दिले. नवऱ्याने शर्ट हातात घेऊन पाठीवरची पट्टी अंगठ्याने घासून बघितली आणि मला विचारलं, मोठ्या माणसाच्या मापाचं निघतं का?

पुढच्या बाजाराला त्याच टोळीतल्या बायका आल्या. एकीने नुसती पट्टी मागितली, घरच्या कपड्यावर स्वतः लावीन म्हणाली. दुसरीला राणी नको होता, निळाच हवा, कारण मुलगा रडत होता. मुलगी असलेली एक जण आली, तिलाही तेच कापड, तेच माप. काज-बटणं डाव्या बाजूला की उजव्या एवढाच मामांचा प्रश्न, आणि तिने त्याला काही उत्तर दिलं नाही.

एजंट दुकानात आला तेव्हा मी त्याला म्हटलं, बॉइजमध्ये सुती, लांब बाह्यांचा, राणी आणि नारिंगी सेट काढून दे. त्याने डायरी मिटली. "वैनी, बॉइजला राणी चालत नाही. गर्ल्समध्ये देतो की." गर्ल्समध्ये झालर येते म्हटलं. "मग झालर काढायला सांगतो." किंमत तीच राहील का, तर नाही, झालर नसलेला गर्ल्सचा सेट म्हणजे स्पेशल ऑर्डर, किमान पाच डझन. एवढा माल हंगामात संपेल का याचा मी हिशेब केला. संपला नसता. तेव्हा सध्या मॅचिंग सेंटरचं पॉपलीन आणि समोरचे मामा यांच्यावरच चाललंय, आणि मिलिटरी प्रिंटचा सेट मी खालच्या खणात हलवलाय. तो मागून नेतात लोक, काचेत ठेवायची गरज पडत नाही.