कडुनिंबाच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण: माझा अनुभव

कडुनिंबाच्या काढ्याने चांदीचे नॅनोकण करण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केली. पद्धत सोपी आहे. द्रावण तपकिरी झालं की काम फत्ते, एवढंच मात्र धरून चालू नका.

२० ग्रॅम पूर्ण वाढलेली हिरवी पानं आधी नळाखाली, मग तीनदा डिस्टिल्ड वॉटरने धुतो. शेवटचं धुणं धुळीसाठी नाही, नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडसाठी. पानं चिरून १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० मिनिटं उकळायची. काढा थंड झाला की आधी मलमलीतून, मग व्हॉटमन नंबर १ गाळणकागदातून गाळायचा. मलमल टाळली तर कागद चोंदतो आणि थेंब मोजत बसावं लागतं. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवला तरी आठवड्यापुढचा काढा मी वापरत नाही.

१०० मिली १ मिलीमोलर (लिटरमागे एक हजारांश मोल) द्रावणासाठी सिल्व्हर नायट्रेट ०.०१७ ग्रॅम तोलायच्या भानगडीत पडू नका, एवढ्याशा वजनात चूक मोठी होते. ०.१७ ग्रॅम १०० मिलीत विरघळवला की १० मिलीमोलरचा साठा होतो, तो वापरताना दहापट पातळ करायचा. बाटली तपकिरी काचेची आणि वरून फॉइल. हातमोजे हवेतच, थेंब पडल्याचं कळतही नाही, नंतर बोटं काळी पडतात.

१ मिलीमोलरचं ९५ मिली द्रावण ६० अंशांवर, अंधारात, ढवळत ठेवून त्यात ५ मिली काढा थेंबथेंब सोडतो. शेजारी दोन कंट्रोल (तुलनेचे नमुने): नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि पाण्यात तेवढाच काढा. उजेडानेही चांदीचं क्षपण (इलेक्ट्रॉन मिळून आयनाचा धातू होणं) होतं, म्हणून पहिला कंट्रोल टाळता येत नाही.

काढा पडताच द्रावण दुधट झालं, तर ते नॅनोकण नव्हेत, सिल्व्हर क्लोराइड आहे. नीट न विसळलेला फ्लास्क हे नेहमीचं कारण. पण काच स्वच्छ असली तरी पानांतलं क्लोराइड येतंच. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीत) चांदीच्या ३८.१ अंशांच्या शिखराबरोबर ३२.२ जवळ शिखर दिसलं तर ते बहुधा सिल्व्हर क्लोराइडचंच. त्याला ‘अनोळखी शिखर’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

यूव्ही-व्हिजिबलमध्ये (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं ते मोजताना) शिखर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान हवं. ब्लँक (शून्य धरायचा नमुना) पाण्याचा नको, तेवढ्याच पातळ काढ्याचा. शिखर पसरून उजवीकडे सरकत गेलं तर कण एकमेकांना चिकटताहेत.

मग सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) १२,००० आरपीएमवर २० मिनिटं, असं तीनदा धुणं. इथे तेच क्लोराइड कामी येतं: वरच्या पाण्यात मिठाच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. पांढरी गढूळ रेघ उतरली तर न बदललेली चांदी अजून आहे, पुन्हा धुवा. हे केलं नाही तर जिवाणूंच्या प्लेटवरचं, जिवाणू न वाढलेलं सुंदर वर्तुळ कणांमुळे उठलं की साध्या चांदीच्या आयनांमुळे, हे कोण सांगणार? म्हणून प्लेटवर कणांसोबत नुसता काढा आणि तेवढीच चांदी असलेलं सिल्व्हर नायट्रेटही लावतो.

मात्रा ठरवतानाही फसगत होते. पेलेट (तळाशी बसलेला कणांचा गोळा) वाळवून तोलला तर पानांतला सेंद्रिय थरही वजनात येतो; चांदी किती, हे आयसीपीने (धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) मोजावं लागतं. पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी ज्या रसायनाचं क्षपण करून जांभळा रंग देतात, ती चाचणी) करताना पेशींशिवाय कण आणि एमटीटी घातलेली एक विहीर (प्लेटमधला खळगा) ठेवा. कण ५७० नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषू शकतात, वर त्यांच्यावरचा काढ्याचा थर एमटीटीचं क्षपणही करू शकतो; मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. कण सलाइनमध्ये पातळ करू नका, मीठ त्यांना गोळा करतं. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह नको, कण गुठळतात, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लावा, मात्र त्यानंतर चांदी पुन्हा मोजा, कारण काही कण फिल्टरवरच अडकतात.

उरलेलं द्रावण आणि धुण्याचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. वेगळ्या बाटलीत मीठ घालून ठेवा, चांदीचा साका तळाशी बसतो आणि तो घातक कचऱ्यात जातो.