तळहातावर लिहिलेलं नाव

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान मी लहानपणापासून बघत आले. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे हे कळल्यापासून मूळ बाग बघायची होती. जपानी भाषेचे दोन वर्ग झाले आणि निघालेच.

ओकायामा स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे. पीचच्या फळातून जन्मलेला हा लोककथेतला मुलगा. 'मोमो' म्हणजे पीच आणि 'तारो' म्हणजे थोरला मुलगा. इचिरो पहिला, जिरो दुसरा, साबुरो तिसरा अशी नावातच क्रम सांगणारी मंडळी जपानात भरपूर.

१७०० साली पूर्ण झालेली ती बाग डोळे निववणारी आहे. हिरवळ, तळं, पलीकडे काळा किल्ला. तरी माझ्या मनात घर करून राहिलं ते मुक्कामाचं स्वयंपाकघर. घर चालवणाऱ्या आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांचं खरं नाव इथे देत नाही, पण ते 'साचिको'च्याच घडणीचं आहे, म्हणून तेच उदाहरण घेते.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी नाव सांगितलं आणि लगेच उजव्या हाताची तर्जनी डाव्या तळहातावर फिरवायला लागल्या. आडवी रेघ, उभी रेघ, पुन्हा आडवी. शाई नाही, कागद नाही. 'साचि' म्हणजे सुख, ते हे अक्षर. 'को' म्हणजे मूल. जपानात नाव नुसतं ऐकून भागत नाही, 'कुठली कांजी?' हा प्रश्न मागोमाग येतोच. कांजी म्हणजे चिनीतून आलेली, प्रत्येकी स्वतःचा अर्थ असलेली अक्षरं. 'युको' घ्या. तिचा 'यु' मायाळूपणाचा असेल, समृद्धीचा असेल, नाहीतर दैवी साहाय्याचा. कानाला तिन्ही सारख्याच. आपल्याकडे 'आनंदी' म्हटलं की अर्थ कानातच उमटतो. तिथे तो अक्षरात दडलेला असतो, आणि आईवडिलांची इच्छाही तिथेच.

उलटंही होतं. 'मोठा' आणि 'झेपावणे' अशा दोन अक्षरांचं मुलाचं नाव कुणी हिरोतो वाचतं, कुणी हारुतो, कुणी यामातो. वाचायचं कसं, ते घरच्यांनीच सांगायचं! कुटुंबनोंदणीत पूर्वी फक्त अक्षरं असत. नावाचा उच्चारही नोंदवायचा कायदा मे २०२५ मध्ये लागू झाला.

बाळाच्या जन्माची नोंद चौदा दिवसांत करावी लागते, आणि नाव सरकारमान्य अक्षरांतूनच निवडावं लागतं. १९९३ मध्ये तोक्योजवळच्या आकिशिमा शहरात एका बापाने मुलाचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, ठेवायचं ठरवलं. अक्षरं यादीतली होती, तरी नगरपालिकेने नाव अडवलं आणि देशभर वाद पेटला. मला नगरपालिकेचंच पटतं. ते नाव घेऊन जगायचं होतं त्या बाळाला.

आजींनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला. मुलाच्या जन्मानंतर सातव्या रात्री त्यांच्या सासऱ्यांनी कुंचल्याने लिहिलेलं नाव. आपलं बारसं बाराव्या दिवशी, त्यांचं सातव्या रात्री. कागदाच्या घड्या विरत आल्या होत्या, शाई मात्र काळीभोर.

मग माझी पाळी. 'मीरा' म्हटल्यावर त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं आणि गप्प झाल्या. मी खोलीत येऊन शब्दकोश उघडला. 'मीइरा' म्हणजे ममी, वाळवून जपलेलं प्रेत. एवढा फरक एका दीर्घ स्वराचा! दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर कागद ठेवलेला. त्यांनी 'मि' ऱ्हस्व करून माझ्यासाठी दोन अक्षरं निवडली होती. 'मि' सौंदर्याचा आणि 'रा' चांगुलपणाचा, नारा शहराच्या नावातलाच. रात्री किती वेळ बसल्या असतील कोण जाणे.

त्याच सकाळी दारातून हाक आली, "साच्चान!" शाळेपासूनची मैत्रीण, त्यांच्याच वयाची. आजी हातातलं टाकून लगबगीने उठल्या. जपानी माणूस चारचौघांत आडनावाला 'सान' जोडून बोलतो. मुलांच्या बोबड्या तोंडी 'सान'चं 'चान' झालं आणि ते लाडाचं ठरलं. साचिकोची साच्चान होते, केइकोची केइचान. आपल्याकडे सत्तरीतले गृहस्थ घरात 'बाळू'च असतात, तसंच.

मैत्रीण गेल्यावर मी विचारलं, "साच्चान कसं लिहायचं?"

त्यांचं बोट तळहाताकडे गेलंच नाही. "कांजी नाही. हिरागाना." म्हणजे अर्थ नसलेली, नुसत्या उच्चाराची, लहान मूल पहिल्यांदा गिरवतं ती अक्षरं. आईवडिलांनी निवडलेलं सुख, त्याच्या रेघा, सगळं बाजूला राहून हाकेचा आवाज तेवढा उरतो. सासरी आल्यावर या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं, असंही त्या म्हणाल्या. मैत्रीण याच गावात राहायला आली तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.

निघताना मी वाकून निरोप घेतला. गाडी वळेपर्यंत त्या दारातच उभ्या होत्या. "मीचान, माता ने!" पुन्हा भेटू. त्यांना माहीत नव्हतं, पण मराठीत त्या मला 'मी' म्हणून हाक मारत होत्या.