चावतो, पण नेमका कधी?

(आईच्या परवानगीने लिहितेय.) आज धरमपेठेत एका पोराची आई वही घेऊन आली. ऑटिझम आहे, पोरगा स्वतःचा हात चावतो, मनगटावर घट्टे पडलेत. घरचे म्हणतात लाडावलाय, शेजारी म्हणतात दोन ठेवून द्या. नागपुरात सल्ला तर्रीपोह्यासारखा, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो.

कान, दात, पोट साफ होतं का, हे डॉक्टरांकडून आधीच तपासून घेतलं होतं. दुखत असेल तर बाकी सगळं फोल.

ताईंनी वहीत तीन रकाने पाडलेले: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. अक्षर घाईचं, पण चित्र स्वच्छ. बहुतेक वेळा आधी "चल, लिहायला बस" आणि नंतर पाटी बाजूला. चावलं की सुटका! कुणी लक्ष वेधायला चावतं, कुणी काम टाळायला, कुणी एकटं असतानाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हेच पद्धतशीर तपासून दाखवलं होतं. कारण न शोधता उपाय करणं मला तरी पटत नाही.

आता त्याला "थांबू या" असं चित्रकार्ड द्यायला शिकवतोय. कार्ड दिलं की लगेच सुटी. काम नंतर हळूहळू वाढवायचं. चावून मात्र सुटी नाही; हात सांभाळायचा, ओरडायचं नाही. सुरुवातीला चावणं वाढूही शकतं, हे आजींनाही बजावलंय, कारण आधी विरघळणार त्याच!

सोमवारी बाबांना बोलावलंय. पुढची वही त्यांनी लिहायची.